अब्रू कोणाची गेली?



मी एक शाळामास्तर आहे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मीच. त्यामुळे वस्तीत कोणालाही काही लिहून हवे असले की ते काम माझ्याकडे येते. रेशनकार्डाचा अर्ज, जातीचा दाखला, विधवा आईच्या पगाराचा कागद, मुलाच्या वसतिगृहाचा अर्ज, सारे मीच लिहितो आणि आनंदाने लिहितो. बाबासाहेबांनी दिलेल्या अक्षराचे ऋण अशाने थोडेतरी फिटते, असे मला वाटते. पण काही वर्षांपूर्वी मी एक असा कागद लिहिला की, त्याची आठवण झाली म्हणजे हातातली लेखणी जड होते. त्या कागदाविषयी आज तुमच्याशी बोलावयाचे आहे.

वस्तीतल्या एका कष्टकरी तरुणीवर एका माणसाने बळजबरी केली. तो माणूस परका नव्हता. आपल्यातलाच होता. वर्गणी गोळा करणारा, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे चालणारा. रात्री चार वडीलधारी माणसे बसली. मलाही बोलावणे आले. एक जण म्हणाले, "पोलिसात गेलं तर समाजाची बदनामी होईल. आत्ता कुठं दीक्षा घेतलीय आपण. गाव म्हणंल, धर्म बदलला पण माणसं तीच." दुसरे म्हणाले, "पोरीची अब्रू गेली ती गेली. आता चारचौघांत कशाला आणायची? मास्तर, तुम्ही शिकलेले. चांगल्या शब्दांत लिहा." आणि मी लिहिले. उभयतांत गैरसमज झाला होता, तो मिटला, यापुढे काही तक्रार नाही, असे मी सुवाच्य अक्षरात लिहिले. खाली तिच्या आईचा अंगठा घेतला. ती स्वतः आतल्या खोलीत बसून होती. तिला कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

त्या रात्री "अब्रू गेली" हा शब्द आम्ही सर्वांनी वापरला. पण कोणाची अब्रू गेली? ज्याने बळजबरी केली तो दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर उभा होता. तोंड लपवून बसली होती ती. हा न्याय कोणत्या धम्मातला आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला राजस्थानातल्या एका बाईची हकिगत फार उपयोगी पडली. ती आज तुम्हांला सांगतो.

जयपूरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर भटेरी नावाचे खेडे आहे. तेथे भंवरीदेवी नावाच्या कुंभार जातीच्या बाई राहतात. त्यांचे स्वतःचे लग्न अगदी लहानपणी झालेले. राजस्थान सरकारने १९८४ साली महिला विकास कार्यक्रम सुरू केला आणि त्यात खेडोपाडी 'साथीन' म्हणून कार्यकर्त्या नेमल्या. १९८५ साली भंवरीदेवी साथीन झाल्या. मानधन तुटपुंजे, काम मात्र डोंगराएवढे. मुलींना शाळेत घाला, बायकांना मजुरी पुरी मिळाली पाहिजे, बाळंतिणीला दवाखान्यात न्या, लहान मुलींची लग्ने लावू नका, असे त्या दारोदार जाऊन सांगत. १९८७ साली शेजारच्या गावातल्या एका बाईवर बलात्काराचा प्रयत्न झाला, तेव्हा भंवरीदेवींनी तो प्रश्न हाती घेतला. त्या वेळी त्यांचे गाव त्यांच्या पाठीशी होते, हे ध्यानात ठेवा. परक्याच्या अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या बाईचे कौतुक गाव करते. ती आपल्या अंगणातल्या अन्यायाविषयी बोलू लागली की गाव बदलते.

तसेच झाले. १९९२ च्या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सरकारने बालविवाह रोखण्याची मोहीम काढली. भटेरीत एका वरचढ जातीच्या घरात नऊ महिन्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते. नऊ महिन्यांच्या! जिला अजून उभे राहता येत नाही, तिला बोहल्यावर चढवायचे! भंवरीदेवींनी समजावून पाहिले. पोलीस आले. त्या दिवशी लग्न थांबले, पण मध्यरात्री उरकून घेतले गेले. बाल्यावस्थेतली मुलगी सुटली नाही, आणि भंवरीदेवींवर मात्र गावाने बहिष्कार टाकला. त्यांची मडकी कोणी घेईना. त्यांना दूध कोणी देईना. बहिष्कार म्हणजे काय, हे तुम्हांआम्हांला समजावून सांगण्याची गरज नाही.

२२ सप्टेंबर १९९२ रोजी संध्याकाळी त्या पतीबरोबर शेतात काम करीत होत्या. पाच जण आले, त्यांनी पतीला मारहाण केली आणि भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला, अशी त्यांची फिर्याद आहे. पुढचा प्रवास ऐका. ठाण्यात त्यांच्यावर विश्वास ठेवावयास कोणी तयार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी नाही. जयपूरला दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून तपासणी नाही. तपासणी होईपर्यंत दोन दिवसांहून अधिक काळ लोटला. पुरावा म्हणून पोलिसांनी त्यांचा घागरा ठेवून घेतला, आणि पतीचे रक्ताने माखलेले कापड अंगाला गुंडाळून त्यांना रात्री परतावे लागले.

पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. १९९३ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने आरोपींचा जामीन नाकारताना, बालविवाहाला विरोध केल्याच्या सूडातून हे कृत्य झाल्याची आपली खात्री झाली आहे, अशा आशयाचे मत नोंदविले. तरीही खटला चालला तो न्यायाधीश बदलत बदलत, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयाने पाचही जणांना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. कारणे काय दिली? वरच्या जातीचा माणूस खालच्या जातीच्या बाईशी असे वागून स्वतःला बाटवून घेणार नाही. काका आणि पुतण्या मिळून असे करणार नाहीत. पती हे मुकाट्याने पाहत राहणे शक्य नाही. बंधूंनो, पहिले कारण पुन्हा एकदा वाचा. ज्या विटाळाच्या कल्पनेने आपल्या आजोबांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, तीच कल्पना येथे न्यायासनावर बसून बोलली. आणि इतिहासात तर याच्या उलटच घडत आले. पाणी बाटत होते, सावली बाटत होती, पण रानात एकटी सापडलेल्या आपल्या आयाबहिणींवर हात टाकताना कोणाला विटाळ झाला नाही.

या निकालाविरुद्ध अपील झाले. ते वर्षानुवर्षे पडून राहिले आणि तेवढ्यात आरोपींपैकी काही मरूनही गेले. म्हणजे भंवरीदेवींच्या पदरात काय पडले? त्यांच्या स्वतःच्या खटल्यापुरते पाहिले तर काहीच नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही. सरकारने नेमलेल्या कामामुळे एक बाई संकटात सापडली, तर तिच्या रक्षणाची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न घेऊन 'विशाखा' आणि इतर महिला संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर व न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांच्या पीठाने निकाल दिला. कामाच्या ठिकाणी स्त्रीची लैंगिक छळणूक म्हणजे तिच्या मूलभूत हक्कांवर घाला होय, असे त्यात ठरले आणि प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असावी, असे बंधन घातले गेले. त्यावरूनच पुढे २०१३ चा कायदा झाला. आज ज्या कार्यालयात, कारखान्यात, शाळेत, दवाखान्यात दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. घरकाम करणाऱ्या बाईसाठी आणि छोट्या ठिकाणच्या मजूर बाईसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. सामान्यतः तीन महिन्यांच्या आत तेथे लेखी तक्रार करता येते. तुमची मुलगी उद्या बँकेत वा इस्पितळात नोकरीला लागेल, तेव्हा भिंतीवर त्या समितीची नावे लावलेली दिसतील. त्या पाटीमागे भटेरीची एक कुंभारीण उभी आहे, हे तिला अवश्य सांगा.

आता विचार करू या की, हे नेतृत्व कसले? भंवरीदेवी काही शिकलेल्या पुढारी नव्हत्या. व्यासपीठ, हार, फलक यांपैकी काही त्यांच्यापाशी नव्हते. मला त्यांच्या ठिकाणी तीन गोष्टी दिसतात. पहिली, त्या संकट येण्याच्या आधीपासून दुसऱ्याच्या दुःखासाठी चालत होत्या. दुसरी, आपल्यावर गुदरले तेव्हा त्यांनी नाव लपविले नाही. हे माझे नाव, हे माझे गाव, असे त्या उघड म्हणाल्या. लाज वाटायची ती करणाऱ्याला वाटू दे, असाच त्याचा अर्थ होता. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. त्या गाव सोडून गेल्या नाहीत. १९९४ साली त्यांना नीरजा भनोत पुरस्कार मिळाला, १९९५ च्या बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेचे निमंत्रण आले, पण त्या पुन्हा भटेरीतच परतल्या. ज्या गावाने पाणी तोडले त्याच गावात राहणे, हा रोजचा सत्याग्रह होता. चवदार तळ्यावर आपण एक दिवस गेलो. त्या रोज जात राहिल्या.

येथे तुम्ही विचाराल, "मास्तर, हे सारे खरे. पण याचा आपल्या धम्माशी काय संबंध?" संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. विनयपिटकात उप्पलवण्णा थेरीची हकिगत आली आहे. ही तथागतांच्या अग्रश्राविकांपैकी एक. श्रावस्तीत ती भिक्षेला गेली असताना एक तरुण तिच्या कुटीत लपून बसला आणि ती परत आल्यावर त्याने तिच्यावर बळजबरी केली. तिने ते भिक्षुणींना सांगितले, भिक्षुणींनी भिक्षूंना, आणि भिक्षूंनी तथागतांना. तथागतांनी निर्णय दिला की, जिची संमती नव्हती तिच्याकडे दोष नाही. त्या कथेत तिला कोणी विचारीत नाही की तू ओरडलीस का, अंगावर खुणा कोठे आहेत, एकटी का राहिलीस. तिचे शील भंगले, असे कोणी म्हणत नाही. शील आपल्या कृतीने आणि चेतनेने मोडते. दुसऱ्याने केलेल्या दुष्कृत्याने माझे शील कसे मोडेल? चोराने घर फोडले म्हणून घरधनी चोर ठरत नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वी जे इतके स्पष्ट होते, ते आपल्या देशाच्या न्यायालयाला १९७८ साली उमगले नाही. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या चांदा आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथे, १९७२ साली एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्याच्या आवारातच अत्याचार झाला. दोन शिपायांवर खटला झाला. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडून दिले, कारण मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केला नव्हता. ज्या ठाण्यात दाद मागायची तेथेच दार बंद झाले, तर ओरडायचे कोणाकडे बघून? उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते प्रथमतः खरे धरावे, असे ठरले. २०१३ साली आणखी स्पष्ट झाले की, केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही.

त्या मुलीचे नाव पुष्कळ पुस्तकांत छापलेले आहे. मी येथे लिहीत नाही. भंवरीदेवींनी आपले नाव स्वतः जगापुढे ठेवले. या मुलीला मात्र कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. नाव सांगणे वा न सांगणे हा जिचा तिचा अधिकार आहे. अशा पीडितेचे नाव छापणे हा १९८३ पासून गुन्हाच आहे.

आता आपल्या घरातल्या शंकांकडे वळू. पहिली शंका समाजाच्या बदनामीची. आरोपी दुसऱ्या जातीचा असला की आपण मोर्चा काढतो, आणि तो काढलाच पाहिजे. पण आरोपी आपला असला की आपला आवाज का बसतो? २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, समाजाची प्रगती ते त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. त्यांच्या मापाने मोजले तर आमच्या वस्तीची उंची त्या रात्री किती भरली असती? गुन्हा झाकल्याने समाजाचे नाव राहत नाही. तो उघड करण्याची हिंमत दाखविल्याने राहते. ज्याने तिसरे शील मोडले त्याला पाठीशी घालणारा पंच स्वतः चौथे शील मोडतो, कारण तो खोटे लिहितो किंवा लिहवून घेतो. मी ते मोडले आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

दुसरी शंका मुलीच्या लग्नाची. "कोण करील तिला?" हा प्रश्न ज्यांच्या तोंडी येतो त्यांना मी विचारतो, तुमच्या घरात मुलगा आहे ना? मग उत्तर तुमच्याच घरात आहे. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हा जुना विटाळ तेथेच टाकून आलो. मग या एका ठिकाणी तो विटाळ आपण पुन्हा का मांडतो?

तिसरी गोष्ट शंका नाही, सावधगिरी आहे. भंवरीदेवींची गोष्ट ऐकून कोणी एखाद्या बाईला म्हणू नये की, "बघ, ती कशी लढली! तूही लढ." भंवरीदेवींचे धैर्य हे त्यांचे दान आहे. ते दुसऱ्या पीडितेवर कर्ज म्हणून लादता येणार नाही. जी आधीच मोडून पडली आहे तिच्याकडून शौर्य मागणे, ही दुसरी बळजबरी झाली. शौर्य दाखवायचे आहे ते आपल्याला. तिने फक्त सांगावे, आणि सांगितले तर तिच्याजवळ चार माणसे असावीत. प्रौढ बाईने काय करावे हे तिचे तिला ठरवू द्यावे, पण ते भीतीने ठरवावे लागू नये, एवढे पाहणे आपले काम आहे. अत्याचार अठरा वर्षांखालच्या मुलावर वा मुलीवर झाला असेल तर मात्र २०१२ च्या कायद्याने ज्याला कळले त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. तेथे पंचांना बसण्याचा अधिकारच नाही.

काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाला पाठ असाव्यात. बलात्काराचा गुन्हा आपसांत कागद करून मिटविता येत नाही. माझ्या त्या सुवाच्य कागदाला कायद्यात काडीचीही किंमत नव्हती. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही, असे सांगून परत पाठविता येत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. सरकारी असो वा खाजगी, रुग्णालयाने पीडितेवर तातडीने आणि फुकट उपचार करणे बंधनकारक आहे. कौमार्य पाहण्याची जुनी अपमानकारक तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आणि पुन्हा २०२२ साली निषिद्ध ठरविली आहे. कपडे धुऊ नयेत, जपून ठेवावेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजनेतून आर्थिक साहाय्य मिळते. आणि कोणी म्हणाले की, "तुम्ही आता बौद्ध झालात, तुम्हांला अॅट्रॉसिटीचा कायदा लागत नाही," तर त्याला सांगा की १९९० सालीच अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झालेला आहे. अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्या कुटुंबाचे ते संरक्षण गेलेले नाही.

आता माझ्या कागदाचे काय झाले ते सांगून थांबतो. ती तरुणी पुढे दुसऱ्या शहरात कामाला निघून गेली. भंवरीदेवींची हकिगत वाचल्यानंतर मी एके दिवशी तिच्या आईकडे गेलो. काय बोलावे ते सुचेना. म्हणालो, "काकू, माझं चुकलं." त्या भाकरी थापीत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "मास्तर, दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी अंगठा दिला नसता. तुम्ही शिकलेले म्हणून दिला."

बंधूंनो, यावर मी काय उत्तर देणार? त्यांनी मला क्षमा केली नाही आणि मी ती मागण्याच्याही योग्यतेचा नव्हतो. नंतर मी तिचा पत्ता विचारला, तो त्यांनी दिला नाही. तोही त्यांचा अधिकार आहे. एका पोस्टकार्डावर मी माझे नाव आणि एवढेच लिहून दिले की, तिला कधी फिर्याद द्यावीशी वाटली तर तो कागद मी कोणाच्या सांगण्यावरून आणि कसा लिहिला ते न्यायालयात सांगायला मी येईन. कार्ड त्यांनी घेतले आणि देवळीत बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवले. ते पुढे गेले की नाही, मला माहीत नाही.

आता वस्तीत कोणी म्हणाले, "मास्तर, एक कागद लिहायचाय," की मी आधी विचारतो, "जिचा कागद आहे तिला विचारलंत का? तिला बाहेर बोलवा." पुष्कळांना ते आवडत नाही. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर तुम्हीही आपल्या वस्तीत हा प्रश्न काढा. पुरुषांनी थोडे गप्प बसा आणि बायकांना बोलू द्या. अब्रू कोणाची गेली, याचे उत्तर त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

जयभीम.